खाते बदलले, पण अंगठा तोच

‘जुने खाते सोडून नवे काढले, काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच व्हिडिओ यायला लागले, आता काय करायचे?’ असे विचारणारे लोक अलीकडे समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतात. कोणाला घटस्फोटानंतर नवराबायकोच्या भांडणाचे रील पाठ सोडत नाहीत, तर कोणाला शेअर बाजारात हात पोळल्यानंतरही झटपट नफ्याच्या युक्त्या दिसत राहतात. येथे मी आजारपणाच्या भीतीचे उदाहरण घेते, कारण त्यात ही गुंतागुंत सर्वांत उघडपणे दिसते. संबंधित गृहस्थांची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ पस्तिशीचे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणारे आणि शिरोली एमआयडीसीत संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करणारे. तालमीत घाम गाळून तयार झालेले शरीर आणि पेठेच्या फुटबॉलचे जबर वेड. त्यांच्याच वयाचा चुलतभाऊ हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला, तेव्हापासून छातीत जरा धडधडले तरी त्यांना दरदरून घाम फुटू लागला. हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिल चाचणी करून सर्व ठीक असल्याचे सांगितले होते, आणि ते अहवाल पाहिल्यानंतरच मी पुढे काम सुरू केले. छातीच्या तक्रारीला केवळ ‘टेन्शन’ म्हणून समुपदेशकाकडे पाठवणे मला मान्य नाही. आधी डॉक्टर, मग मी.

तालीम बंद झाली, रंकाळा तलावावरचे पहाटेचे फिरणेही बंद झाले. पत्नी म्हणाल्या, “रात्री दोनला उठून नाडी बघत्यात आणि मग मोबाईल घेऊन बसत्यात.” मोबाईलवर काय, तर व्यायामशाळेत कोसळणारी तरुण माणसे, झटक्याची पूर्वलक्षणे, ‘ही पाच चिन्हे दिसली तर सावध व्हा’. कंटाळून त्यांनी नवा ई-मेल घेऊन इन्स्टाग्रामवर नवे खाते उघडले. तरीही थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. “मॅडम, मी काय मुद्दाम बघत न्हाई हो. सगळं नवीन काढलं, तरी ते मला बरोबर हुडकून काढतंय,” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात चिडीपेक्षा भीती अधिक होती. हा आपल्यासाठीच धाडलेला इशारा तर नसेल, अशी शंका त्यांच्या मनात घर करून होती.

मी त्यांना माझ्यासमोर नेहमीसारखे स्क्रोल करायला सांगितले आणि पडद्याऐवजी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यातील एक सुरेख गोल आला, त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले आणि क्षणात अंगठ्याने तो वर सरकवला. पुढे ट्रेडमिलवर कोसळणारा तरुण आला. अंगठा अधांतरी थांबला, श्वासही थांबला. रील संपून पुन्हा सुरू झाले, मग त्यांनी प्रतिक्रिया उघडल्या, ‘आमच्या गल्लीतही असंच झालं’ अशा धर्तीचे तीन-चार अनुभव वाचले आणि त्यानंतर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबून माझ्याकडे पाहत म्हणाले, “बघा, लगेच बंद केलं.”

त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण भीतीत गेलेला वेळ माणसाला जाणवत नाही. व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने मात्र त्यांनी ते रील पूर्ण पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले आणि त्याखालची चर्चाही वाचली. हसू तिच्यापर्यंत पोहोचत नाही, थांबणे पोहोचते. यूट्यूबने २०१२ मध्येच शिफारशींसाठी क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक वजन द्यायला सुरुवात केली होती. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही २०२५ च्या सुरुवातीला पाहण्याचा वेळ, लाइक आणि इतरांना पाठवणे हे सर्वांत महत्त्वाचे संकेत असल्याचे जाहीरपणे सांगितले. आमचे गृहस्थ असे रील पत्नीलाही पाठवत असत, ‘हे बघ, मला असंच होतंय’ असे लिहून. शिवाय नव्या खात्याची पाटी आपल्याला वाटते तितकी कोरी नसते. त्यांनी मोबाईलची संपर्कयादी जोडली होती, पहिल्याच दिवशी जुन्याच लोकांना आणि दोन हृदयविषयक पानांना फॉलो केले होते, आणि शोधपट्टीत ‘डाव्या हाताला मुंग्या’ हे शब्दही टाकून झाले होते. त्यांना कोणी हुडकून काढले नव्हते. त्यांनीच आपला पत्ता दिला होता.

येथपर्यंतची माहिती कोणताही जाणकार तरुण देऊ शकेल. समुपदेशक म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. नवे खाते ‘शुद्ध’ राहिले आहे ना, हे पाहण्यासाठी ते दिवसातून अनेकदा फीड, म्हणजे समोर येणाऱ्या रीलची रांग, उघडत होते, आणि नाडी तपासणे व फीड तपासणे या दोन्ही कृतींची घडण एकच होती. शंका येते, तपासून पाहिले की क्षणभर हायसे वाटते आणि थोड्या वेळाने शंका अधिक जोराने परतते. फीडच्या बाबतीत तर तपासणारी नजर नेमकी भीतीदायक रीलवर रेंगाळते आणि तेच खाद्य पुन्हा मागवते. त्यामुळे फीड स्वच्छ करण्याचा ध्यास हाच नवा चाळा होऊ नये, याची काळजी मला घ्यावी लागली.

इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करण्याची सोय जाहीर केली. सेटिंग्जमधील ‘कन्टेन्ट प्रेफरन्सेस’मध्ये ती मिळते. ती आम्ही वापरली, परंतु एकदाच, आणि ती वारंवार वापरायची नाही असे आधीच ठरवून. तेथेच नको असलेले शब्द नोंदवता येतात, म्हणून ‘हार्ट अटॅक’ आणि त्याचे मराठी-हिंदी पर्याय नोंदवले. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसून थांबवला. ऑगस्ट २०२३ पासून असा इतिहास नसेल तर तेथील मुख्य पान जवळजवळ रिकामे राहते, आणि त्यांना त्या रिकामेपणाचा फारच आराम वाटला. कोणते बटण दाबावे यालाही अर्थ आहे. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला संस्थेने २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबची तपासणी केली, तेव्हा ‘हे चॅनेल सुचवू नका’ या बटणाने नको असलेल्या शिफारशी ४३ टक्के टळल्या, इतिहासातून व्हिडिओ काढल्याने २९ टक्के आणि ‘नॉट इंटरेस्टेड’ने अवघ्या ११ टक्के. म्हणजे उत्तम बटणही निम्मे काम करत नाही. हे आकडे मी त्यांना मुद्दाम सांगितले, कारण शंभर टक्के स्वच्छतेची अपेक्षा सोडणे हा उपचाराचाच भाग होता.

बाकीचे काम अंगठ्याचे आणि मनाचे. भीतीचे रील आले तर बटण शोधत बसण्याऐवजी सरळ पुढे जायचे. फुटबॉलचे आले तर शेवटपर्यंत पाहायचे आणि आवडले तर मित्राला पाठवायचे. प्रतिक्रिया उघडायच्या नाहीत. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. समांतरपणे नाडी पाहण्याची इच्छा झाली की आधी पाच मिनिटे, पुढे दहा मिनिटे थांबण्याचा सराव, आणि डॉक्टरांच्या होकारानंतर रंकाळ्यावरचे चालणे पुन्हा सुरू.

बदल सरळ रेषेत झाला नाही. प्रारंभी फीडमध्ये युरोपातल्या क्लबांचा आणि ज्योतिषांचा पूर आला, कारण पेठेतला फुटबॉल आणि जगातला फुटबॉल हा भेद यंत्रणेला कळायला वेळ लागतो. मग ‘हृदयासाठी लसूण’ अशा घरगुती उपायांच्या वाटेने जुना विषय मागच्या दाराने आत आला. सर्वांत मोठा अडथळा नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठरला. तेथे यंत्राची शिफारस नसते, काकांची असते, आणि काकांना ‘नॉट इंटरेस्टेड’ म्हणता येत नाही. तो ग्रुप त्यांनी म्यूट केला. आता अधूनमधून असे रील येते, छाती धडधडते, ते पुढे जातात आणि धडधड आपोआप ओसरते. तालमीत मात्र ते अजून गेलेले नाहीत.

जुन्या खात्याचा प्रश्न नंतर निघाला. ते कायमचे काढून टाकावे, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यांना सांगितले की, विनंती केल्यानंतर ३० दिवसांत पुन्हा लॉग-इन केले नाही तर खाते कायमचे जाते, तेव्हा आधी आपली माहिती डाउनलोड करून घ्या. ती घेताना त्यात चुलतभावाशी झालेले सारे बोलणे निघाले, सामन्यांचे बेत, थट्टा, शेवटच्या आठवड्यातला एक फोटो. भीतीच्या धावपळीत त्यांनी भावासाठी शोक केलाच नव्हता, आणि पुढच्या काही बैठका आम्ही फीडचे नावही न काढता त्याच्याविषयी बोललो. जुने खाते ठेवायचे की काढायचे, हा निर्णय त्यांनी वर्षश्राद्धानंतर घ्यायचे ठरवले आहे.