'किरणोत्सर्ग' की 'कणोत्सर्ग'?

खारघरच्या एका वाचकाची शंका अशी: अल्फा, बीटा, न्यूट्रॉन, प्रोटॉन हे सगळे कण, मग त्यांच्या बाबतीत 'किरणोत्सर्ग' कसे चालते? 'कणोत्सर्ग' म्हणू नये का? आणि वाशीला मसाल्यांवर जी प्रक्रिया होते तिला काय म्हणायचे: किरणोत्सर्ग, विकिरण की प्रारण?

'कणोत्सर्ग' ऐकायला बरा आहे, पण त्याची गरज नाही. 1899 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने अल्फा आणि बीटा ही नावे दिली तेव्हा हे कशाचे बनलेले आहेत ते ठाऊक नव्हते, म्हणून सगळे 'किरण'च ठरले. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन आणि अल्फा म्हणजे हेलियमचे अणुकेंद्रक हे पुढच्या दहाएक वर्षांत पक्के झाले, तरी नावे राहिली. अवकाशातून येणारे विश्वकिरणही बहुतांशी प्रोटॉनच असतात. गंमत म्हणजे आपला 'किरण' मूळचा कणांचाच! 'कॄ' म्हणजे विखुरणे. या धातूपासून आलेल्या 'किरण'चा ऋग्वेदातला एक अर्थ 'बारीक धूळ' असा आहे. तेव्हा अल्फाला किरण म्हटल्याने व्युत्पत्तीची काही हानी होत नाही.

खरी गफलत 'उत्सर्ग'पाशी होते. उत् + सृज् म्हणजे बाहेर सोडणे. विसर्जन आणि विसर्ग याच घराण्यातले. सोडणारा तो उत्सर्गी. कोबाल्ट-60 किरणोत्सर्गी आहे, त्याच्यासमोरून गेलेली हळद नव्हे. 'ब्रिट' या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेच्या वाशीतल्या केंद्रात मसाल्यांची खोकी कोबाल्टच्या स्रोताभोवती फिरवतात. मसाल्यांतले जंतू कमी करण्यासाठी आपल्याकडे 6 ते 14 किलोग्रे मात्रा मान्य आहे (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचे माप). कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कण-किरणांच्या ऊर्जेचे एकक). मसाल्यातल्या अणुकेंद्रकांतून न्यूट्रॉन उखडायला ती पुरत नाही, म्हणून मसाला स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत वापरला तर खाद्यपदार्थांसाठी 10 एमईव्हीची मर्यादा असते, तीही याच कारणाने. 'किरणोत्सर्गी मसाले' ही बातमीतली शब्दरचना म्हणून सरळ चूक आहे. 'विकिरण केलेले मसाले' किंवा 'विकिरणित' म्हणावे.

हा 'विकिरण' हिंदीतून आला म्हणून काहींना खटकतो. शिवाय आपल्या शाळेत 'प्रकाशाचे विकिरण' म्हणजे प्रकाश विखुरणे, तेव्हा घोटाळ्याला जागा आहेच. पण प्रक्रियेच्या अर्थाने तो आता रुळला आहे. मी तो काढायला जाणार नाही. 'प्रारण' मात्र ऊर्जेच्या प्रवासासाठी ठेवावा: वहन, अभिसरण, प्रारण हे त्रिकूट सगळ्यांना पाठ असते.

कणांच्या बाबतीत क्रियापदेही जपून वापरावीत, कारण सगळेच कण 'अडवता' येत नाहीत. अल्फा कागदाने अडतो; हवेत तो चारेक सेंटीमीटर जातो आणि कातडीच्या वरच्या मृत थरातच थांबतो. म्हणून 'भेदक' नाही, पण अल्फा सोडणारा पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून आत गेला तर तितक्याच ग्रेला अल्फा बीटाच्या 20 पट घातक धरला जातो. 'भेदक' आणि 'घातक' हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत ते यासाठी. प्रयोगशाळेतल्या फॉस्फरस-32 चा बीटा हवेत काही मीटर जातो. त्याला सेंटीमीटरभर जाडीचे अॅक्रिलिक पुरते. घाईने थेट शिसे लावले तर जड अणूंपाशी इलेक्ट्रॉनला करकचून ब्रेक लागतो आणि त्यातून जास्त भेदक असे क्ष-किरण निघतात. आधी अॅक्रिलिक, लागलेच तर बाहेरून शिसे.

न्यूट्रॉन मात्र आधी 'मंदावावा' लागतो. कॅरमचा स्ट्रायकर चौकटीवर आपटून जवळपास त्याच वेगाने परततो, पण सोंगटीवर नेमका बसला तर त्याचा बराचसा वेग सोंगटी घेऊन जाते. शिसे ही चौकट, हायड्रोजन ही सोंगटी. म्हणून न्यूट्रॉनसमोर मेण, पाणी किंवा पॉलिथिन, मंदावलेला न्यूट्रॉन गिळायला बोरॉन, आणि हायड्रोजनने न्यूट्रॉन पकडताना निघणाऱ्या 2.2 एमईव्हीच्या गॅमासाठी सगळ्यात बाहेर शिसे.

'किरणोत्सर्गाची बाधा' हा आणखी एक सैल प्रयोग. किरणोत्सर्गी धूळ अंगावर बसली तर बाधा म्हणणे योग्य: कपडे उतरवावे लागतात, अंग धुवावे लागते. नुसता क्ष-किरणांसमोर उभा राहिलेला माणूस बाधित नव्हे. त्याला 'मात्रा मिळाली'. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला काही होत नाही. अपवाद न्यूट्रॉनचाच. त्याच्या माऱ्याने रक्तातल्या सोडियमचा काही अंश सोडियम-24 होतो, ज्याचा अर्धायुकाल 15 तासांचा आहे. अशा माणसाला, थोडा वेळ का होईना, 'किरणोत्सर्गी' म्हणणे शब्दशः बरोबर ठरेल.

राहिला वाचकाच्या घराजवळचा शब्द. खारघरच्या 'अॅक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत कर्करोगावर प्रोटॉनने उपचार होतात. त्याला 'प्रोटॉन किरणोपचार' म्हणावे का? म्हणावे. गॅमा शरीरातून आरपार जातो, तर प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा थांबण्याच्या जागी टाकतो. ती जागा ऊर्जा बदलून ठरवता येते. 150 एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात 16 सेंटीमीटरच्या आसपास थांबतो. फक्त वाक्यात 'प्रोटॉन किरण सोडले' यापेक्षा 'प्रोटॉनचा झोत' लिहिले तर कण आणि दिशा दोन्ही कळतात.