गायक परत आला, पण तिसरा गिटारिस्ट गेला नाही

मागच्या अंकात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या अल्बमवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बाकीच्यांनी थोडं थांबा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न : मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, मेडन ऐकायला नुकतीच सुरुवात केलीय. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ला सगळे कमबॅक अल्बम म्हणतात, पण बँड तर कधी बंद पडलाच नव्हता ना? मग कमबॅक कसला? आणि जुना सिंगर परत आला म्हणूनच एवढं कौतुक आहे का?

प्रश्न एकदम बरोबर विचारलास. बँड खरंच कधी बंद पडला नव्हता, अल्बम येत होते, टूर चालू होत्या, पण आधी 1990 मध्ये गिटारिस्ट एड्रियन स्मिथ गेला, त्याच्या जागी जॅनिक गर्स आला, मग 1993 मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन गेला आणि ब्लेझ बेली आला, आणि त्यानंतर गाडी हळूहळू उताराला लागली. आकडेच बघ ना, 1992 चा 'फिअर ऑफ द डार्क' ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला होता, 1995 चा 'द एक्स फॅक्टर' आठव्या नंबरला आणि 1998 चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' थेट सोळाव्या नंबरला. त्या काळात एकूणच जुन्या पद्धतीच्या मेटलचे दिवस वाईट होते, ग्रंज हा नवा रॉक येऊन गेला होता, न्यू मेटल हा मेटलचा नवा प्रकार जोरात होता, त्यामुळे सगळं खापर एका माणसावर फोडू नये, त्यावर खाली बोलतोच.

1999 च्या सुरुवातीला ब्लेझ बाहेर पडला आणि ब्रूस परत आला, आणि येताना एड्रियनही आला, कारण मधल्या काळात ते दोघं ब्रूसच्या सोलो अल्बमवर एकत्र काम करतच होते ('अॅक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि 'द केमिकल वेडिंग' मिळाले तर सोडू नकोस, दोन्ही जबरदस्त आहेत). आता इथे बँडपुढे एक अगदी सोपा रस्ता होता. जॅनिकला नारळ द्यायचा, ऐंशीच्या दशकातला फेमस पाच जणांचा लाइनअप जसाच्या तसा उभा करायचा आणि जुनी हिट गाणी वाजवत जगभर फिरायचं, लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी ते केलं नाही. नऊ वर्षं इमानदारीत वाजवलेल्या माणसाला काढलं नाही आणि डेव्ह मरे, एड्रियन, जॅनिक असे तीन गिटारिस्ट घेऊन सहा जणांचा बँड केला. माझ्या मते या अल्बमचं खरं यश इथून सुरू होतं. ब्रूसचा आवाज तर आहेच, पण सगळी चर्चा त्याच्याच परत येण्यावर होते आणि जॅनिक राहिला याबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुसतं चांगुलपणाचं म्हणून नाही बोलत, ऐकताना कळतं. 'द विकर मॅन' लाव, हेडफोन लावून. आधी एकटी गिटार तो रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) वाजवते, मग सगळा बँड आत घुसतो, आणि मधला सोलो एड्रियनचा, त्यात एकेक सूर ठरवून ठेवल्यासारखा, गुणगुणता येतो असा. आणि लगेच दुसरं गाणं 'घोस्ट ऑफ द नॅव्हिगेटर', ते लिहिण्यात जॅनिकचा हात आहे, ते पूर्ण वेगळ्या वळणाने जातं, लाटा वरखाली होतात तसं. म्हणजे पहिल्या दोन गाण्यांतच परत आलेला माणूस आणि राहिलेला माणूस, दोघंही ठसा उमटवून जातात. तीन गिटार असल्या की एक रिफ धरून ठेवते आणि दोघी वर हार्मनी करतात, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या सुरांत एकत्र वाजवतात, आधी स्टुडिओत ट्रॅकवर ट्रॅक चढवून जे करावं लागायचं ते आता स्टेजवरही तसंच्या तसं येऊ लागलं.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. आधीचे दोन अल्बम बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसच्या घरच्या स्टुडिओत झाले होते आणि त्यांचा साउंड कोरडा, जरा दबलेला आहे. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पॅरिसच्या गिओम तेल स्टुडिओत झाला, प्रोड्यूसर केविन शर्ली, आणि त्याने सगळ्यांना एकत्र उभं करून लाइव्ह वाजवायला लावलं. निको मॅकब्रेनच्या ड्रम्सला जी हवा मिळालीय ना ती त्यातूनच आलीय. शर्लीचं पुढे इतकं जमलं की 2021 च्या 'सेन्जुत्सू'पर्यंत मेडनचा एकही स्टुडिओ अल्बम त्याच्याशिवाय झाला नाही.

अल्बम 2000 च्या मे महिन्यात आला, दहा गाणी, जवळपास 67 मिनिटं. सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही, 'द नोमॅड' नऊ मिनिटांचं आहे आणि सहा मिनिटांत संपलं असतं, 'ड्रीम ऑफ मिरर्स'मध्ये कोरस जरा जास्तच वेळा येतो. पण 'ब्लड ब्रदर्स' ऐक. हॅरिसने वडील गेल्यावर लिहिलेलं गाणं आहे, सहाच्या ठेक्यात चालतं, तबला शिकलेल्या कोणालाही ऐकव, तो आपोआप मांडीवर दादरा धरेल. मेटलमध्ये इतकं मोकळं, हात पसरून म्हटलेलं दुःख फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

प्रश्न : ब्लेझच्या काळातले अल्बम ऐकावेत का? माझे सगळे मित्र म्हणतात तो बँड बुडवायला निघाला होता. — एक वाचक, नागपूर

जरूर ऐका, आणि मित्रांनाही ऐकवा. ब्लेझ वाईट गायक नव्हता, त्याचा आवाज खालच्या पट्टीचा, जाड, आणि ब्रूसची गाणी सगळी वरच्या पट्टीतली. अल्बमवर त्याच्यासाठी लिहिलेली गाणी तो नीट म्हणायचा, पण रोज रात्री स्टेजवर 'हॅलोड बी दाय नेम' आणि 'द ट्रूपर' मूळ पट्टीतच म्हणायची, मग घसा बसणार नाही तर काय होणार, काही शो रद्दही करावे लागले. यात त्या माणसाचा दोष मला तरी कमी वाटतो, त्याच्या गळ्याकडे बघून पट्टी उतरवायला हवी होती.

आणि तो काळ फुकट गेला नाही याचा पुरावा बँडनेच दिलाय. जानेवारी 2001 मध्ये ब्राझीलमधल्या 'रॉक इन रिओ' या फेस्टिव्हलला, अडीच लाखांच्या आसपास पब्लिक होतं असं सांगतात, तिथे मेडनने अठरा गाणी वाजवली. त्यातली सहा एकट्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ची आणि दोन ब्लेझच्या काळातली, 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन', आणि ती ब्रूसने म्हटली, तेही जीव तोडून. कमबॅकच्या टूरवर सर्वांत मोठ्या गर्दीसमोर सहा कोरी गाणी वाजवायची आणि वर आधीच्या गायकाचीही दोन ठेवायची, याला छाती लागते. त्या शोचा लाइव्ह अल्बम 2002 मध्ये निघाला. 'द क्लॅन्समन'ला ती गर्दी ज्या जोरात ओरडते ते ऐकलं की ब्लेझबद्दलची चर्चा तिथेच मिटते.

प्रश्न : 2008 ला बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या शोला मी होतो, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधलं काहीच वाजलं नाही असं आठवतंय, बरोबर ना? — ठाण्याहून एक जुना फॅन

बरोबर आठवतंय तुम्हाला. 1 फेब्रुवारी 2008 चा तो शो म्हणजे 'समव्हेअर बॅक इन टाइम' या वर्ल्ड टूरची सुरुवात होती, मुंबईतून, आणि ती टूरच मुळात ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांची होती, त्यामुळे 'एसेस हाय', 'पॉवरस्लेव्ह', 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे सगळं झालं आणि नव्वदीतलं फक्त 'फिअर ऑफ द डार्क'. पण ती जुनी गाणी वाजवायलाही स्टेजवर सहाच जण होते हे लक्षात घ्या, तीन गिटार, जॅनिकसकट. आणि बँड, क्रू, सामान सगळं घेऊन आलेलं ते बोइंग 757 विमान चालवत होता स्वतः ब्रूस, तो तेव्हा कमर्शियल पायलटही होता. त्याआधी मार्च 2007 ला बेंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर ते पहिल्यांदा भारतात वाजवून गेले होते, तेव्हा आपल्याकडची कितीतरी पोरं ट्रेनने, बसने तिकडे गेली होती. मुंबई झाली म्हणून ज्यांना तेवढा प्रवास करावा लागला नाही ते तुम्ही नशीबवान.

प्रश्न : सिंगर बदलून आणखी असे भारी अल्बम कोणते? — कोल्हापूर

पहिलं नाव ब्लॅक सॅबथचं 'हेवन अँड हेल', 1980. गायक ऑझी ऑस्बोर्नला 1979 मध्ये काढलं आणि रेनबो या बँडमधून बाहेर पडलेला रॉनी जेम्स डिओ आला, बँडची चालच बदलली. त्याच वर्षी एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनसोबत अल्बम बाहेर, तो मेटल की हार्ड रॉक हा वाद तुम्ही घाला, मी ऐकत बसतो. जुना सिंगर परत आलेल्यांमध्ये जुडास प्रीस्टचा 2005 चा 'एंजल ऑफ रिट्रिब्यूशन', रॉब हॅलफोर्ड परतल्यावरचा, चांगला आहे, पण 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'इतकी नवी वाट तो काढत नाही असं मला वाटतं.

प्रश्न : आमचा पुण्यात कॉलेजचा बँड आहे. सिंगर नोकरीला लागून बाहेरगावी गेला, आता नवीन मुलगी आलीय, आवाज दमदार पण खालच्या पट्टीतला. मेडनची दोन गाणी आणि आमची स्वतःची तीन गाणी सेटमध्ये आहेत. तिला जमत नाहीये, गिटारिस्ट म्हणतो ओरिजिनल पट्टीतच म्हणायचं. काय करावं?

गिटारिस्टला माझा नमस्कार सांगा आणि हे वाचायला द्या. पट्टी गळ्याप्रमाणे ठरते. आता मेडनच्या बऱ्याच रिफमध्ये मोकळी सोडलेली खालची ई तार (सगळ्यात जाड तार) सतत वाजत असते, 'द ट्रूपर'मध्ये बघा, त्यामुळे बोटं वेगळ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या रेघांवर) नेऊन पट्टी बदलली तर ती मोकळी तार हातातून जाते आणि रिफ मेल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा सगळी गिटारच खाली ट्यून करा, बेसही. आधी अर्धा स्वर उतरवून बघा, तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण एक स्वर, म्हणजे ई ची डी. अर्ध्या स्वराला असलेल्या तारा चालतील, पूर्ण स्वर उतरवलात तर तारा सैल पडून फडफडतील, मग एक साइज जाड सेट टाका आणि इंटोनेशन परत चेक करून घ्या, नाहीतर वरच्या फ्रेटवर सगळं बेसूर येईल.

पट्टी ठरवताना प्रॅक्टिसच्या सुरुवातीला ठरवू नका, तेव्हा गळा ताजा असतो आणि सगळं जमतंय असं वाटतं. तासभर वाजवून झाल्यावर तिला सगळ्यात कठीण कोरस लागोपाठ तीनदा म्हणायला सांगा, तिसऱ्या वेळी ज्या पट्टीत ती आरामात म्हणते तीच तुमची पट्टी.

आणि तुमची जी तीन गाणी आधीच्या मुलाने बसवलीत ती काढू नका. तिला म्हणू द्या, तिच्या पद्धतीने, चाल थोडी हलली तरी हलू द्या. सोबत एखादं गाणं पहिल्या ओळीपासून तिच्या आवाजासाठी नवीन लिहा आणि शोमध्ये ते पहिलं वाजवा.