सनबर्न गोव्यात एवढा मोठा कसा झाला, मग मुंबईला का गेला, आणि परत येईल का?

मी म्हापशाचा. संगीतातलं फारसं कळत नाही, पण मावसभावाच्या शिवोलीत भाड्याच्या खोल्या आहेत, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा हिशेब घरात कायम कानावर पडतो. सनबर्न म्हणजे डीजेंच्या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव. कांदोळीच्या किनाऱ्यावरचा हा कार्यक्रम एवढा कसा वाढला असं विचारलं की लोक डीजेंची नावं घेतात. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त श्रेय तारखांचं.

हणजूण-वागातोरला रात्रभर नाचण्याची रीत हिप्पींच्या काळापासूनची. नव्वदच्या दशकात त्यातूनच 'गोवा ट्रान्स' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार जगभर गेला. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. उघड्यावरच्या पार्ट्यांची त्याने कंबर मोडली. (चोरून चालायच्या त्या चालतच राहिल्या, तो भाग वेगळा.)

डिसेंबर २००७ मध्ये परसेप्ट कंपनीने पहिला सनबर्न भरवला. कार्यक्रमाचा म्होरक्या निखिल चिनप्पा, त्या वेळी टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा. वाजवायला कार्ल कॉक्स आणि अबव्ह अँड बियाँड हे परदेशी डीजे. गर्दी पाचेक हजारांची. खरी हुशारी वेळेत होती: दिवसाउजेडी सुरू करायचं आणि रात्री दहाला बंद. नियमही मोडत नाही, आणि दहानंतर ती सगळी पोरं बागा-हणजूणच्या क्लबांत जातात. म्हणजे क्लबवाले खूश, शॅकवाले खूश, टॅक्सीवालेही खूश. सुरुवातीच्या वर्षांत धंदेवाल्यांकडून विरोध न होण्याचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं.

शिवाय त्या आठवड्यात गोवा लोकांच्या गळी उतरवावा लागत नाही. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्लीची मुलं नववर्षाला इथे येणारच असतात. रजा, गाडी, खोली सगळं आधीच ठरलेलं. महोत्सवाला त्यावर फक्त तिकीट विकायचं. दुसऱ्या शहरात हेच उभं करायला किती वर्षं गेली असती याचा विचार करा. प्रायोजकही आयते मिळाले. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही, त्यामुळे दारू कंपन्या सोडा, सीडी, संगीताचे कार्यक्रम यांना आपलं नाव जोडतात. तरुणांनी भरलेलं मैदान त्यांना सोन्यासारखंच.

२०१३ ला सनबर्न वागातोरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर गेला. तोवर चिनप्पा बाहेर पडला होता आणि त्याच डिसेंबरात कांदोळीला सुपरसॉनिक हा तसाच दुसरा महोत्सव सुरू झाला. एकाच आठवड्यात, काही किलोमीटरच्या अंतरात दोन महोत्सव! त्या सुमारास लाखांच्या गर्दीचे आकडे ऐकू येत. ते वाचताना एक लक्षात ठेवा: अशा ठिकाणी रोजची हजेरी बेरजेत धरतात, म्हणजे तीन दिवसांचा पासवाला तीनदा मोजला जातो.

पण वागातोरला जाणारे आसगाव-शिवोलीकडचे रस्ते गावचेच राहिले. समोरून बस आली की एकाने गाडी मागे घ्यायची, असे. डिसेंबरात ते तसेही तुंबतात. आता मावसभावाचा हिशेब ऐका. त्याच्या खोल्या त्या आठवड्यात सनबर्न असला तरी भरतात, नसला तरी भरतात. २०१६ ते २०१८ महोत्सव पुण्याला होता, तेव्हाही एक खोली रिकामी राहिली नाही. मग गाववाले विचारणारच ना, आम्हाला यातून मिळतं काय? आवाज, कचरा, ट्रॅफिक, आणि अधूनमधून एखाद्या तरुण मुलाच्या मृत्यूची बातमी.

२०१९ ला तो गोव्यात परतला, मध्ये कोविड आला, २०२२ ला पुन्हा वागातोर. २०२३ ला सरकारने ३१ डिसेंबरची रात्र नाकारली. २०२४ ला दक्षिण गोव्याचं नाव निघताच तिकडे विरोध पेटला आणि शेवटी पेडणे तालुक्यातलं धारगळ ठरलं. मोपचा विमानतळ जवळ, महामार्ग हाताशी, कागदावर उत्तम जागा. पण पंचायतीच्या परवानगीवरून गावात दोन तट पडले, खुद्द स्थानिक आमदार विरोधात उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं. महोत्सव झाला, पण २०२५ ला आयोजकांनी मुंबई गाठली.

'संस्कृती बुडाली' हे कारण तुम्ही पुष्कळ ऐकाल. काहींना ते मनापासून वाटतं. पण पेडण्यात दशावतार पहाटेपर्यंत रंगतो, तेव्हा नुसत्या जागरणाचं वावडं इथे कुणाला नाही.

परत येईल का, हेही तुम्ही विचारलंय. डिसेंबरच धरून बसले तर कुठल्याही पंचायतीत हीच भांडणं होणार. सुपरसॉनिकने पुण्यात गेल्यावर फेब्रुवारी धरला. तशा तारखा घेऊन सनबर्न गोव्यात आला तर आमचा मावसभाऊ ना हरकत दाखल्यासाठी स्वतः पंचायतीत जाऊन बसेल.