मंडळानं मदत केली, म्हणून फोटो द्यायचा का?

“ताई, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यामुळे माझ्या मिस्टरांना गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये खालचा अर्धा जबडा काढून पायाचं हाड बसवलं. चेहरा एका बाजूला ओढला गेलाय. तेव्हा वस्तीतल्या मंडळानं वर्गणी काढून आम्हाला पैसे दिले. आता तेच मंडळ अशा रुग्णांसाठी ऑर्केस्ट्रा ठेवतंय. फ्लेक्सवर यांचे आधीचे-नंतरचे फोटो हवेत, खाली ओळ : ‘खर्रा खाल, तर असे दिसाल’. हे आधी हो म्हणाले, आता धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. नाही म्हटलं तर कृतघ्न ठरू. शिवाय अर्धे पैसे संशोधनाला जाणार. सासूबाई म्हणतात, कागद रंगवायला कशाला, गरिबाला द्या. काय करू?”
– एक भगिनी, मानेवाडा, नागपूर

नाही म्हणा, आणि फ्लेक्स छापायला जायच्या आत म्हणा.

मंडळानं पैसे ऑपरेशनसाठी दिले. तुमच्या मिस्टरांनी त्या बदल्यात चेहरा तारण ठेवलेला नाही. ते आधी हो म्हणाले खरे, पण ज्यांनी अडीअडचणीला हात दिला त्यांच्या तोंडावर नाही कोण म्हणतं? असा होकार मागे घेता येतो.

मला फोटोपेक्षा त्या ओळीचा राग आला. खर्रा सोडा हे ओरडून सांगायलाच हवं. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा घेताना मिसरूड न फुटलेली पोरं दिसतात. पण ही ओळ खर्र्याला नाही, माणसाला नावं ठेवते. शिवाय तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात निघालेला दुसरा रुग्णही ती वाचणार. ऑपरेशनला हो म्हणू की नको, या विचारात असलेल्या माणसाला हेच दाखवायचं का?

चेहरा दाखवूच नये, असं माझं म्हणणं नाही. लंडनचे सर्जन इयन हचिसन यांनी चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांवरील संशोधनासाठी ‘सेव्हिंग फेसेस’ ही संस्था काढली. मार्क गिल्बर्ट या चित्रकारानं त्यांच्या रुग्णांची चित्रं काढली, आणि 2002 साली ती तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागली. तिथे माणसाचं चित्र होतं, धाक दाखवायची पाटी नव्हती.

अध्यक्षांकडे तुम्ही स्वतः जा, मिस्टरांना नेऊ नका. सांगा, “भाऊ, तुमचे उपकार विसरलो नाही. पण फोटो देणार नाही आणि हे स्टेजवरही येणार नाहीत. तिकिटं मी खपवते.” ‘विचार करून सांगते’ म्हणू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ हो होतो. आणि पैसे कशाला लागतात ते तुम्हीच त्यांना लिहून द्या, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? मिक्सरमधून काढलेलं पातळ जेवण, तोंड उघडायचे व्यायाम, गडचिरोली-गोंदियाहून रुग्णासोबत आलेल्याची बुडालेली रोजी. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं तरी ती रोजी कोणी भरून देत नाही.

आता सासूबाई. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेला गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की वाट पाहायची, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून ते तपासलं. निष्कर्ष 2015 मध्ये आले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात 3 वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात 67.5 टक्के. म्हणजे दर 8 रुग्णांमागे एक जीव वाचला. वाचलेले सगळे श्रीमंत नव्हते, हे सासूबाईंना जरूर सांगा.

मात्र संशोधन कोणतं, कोणत्या विभागाचं, पावती कोण देणार, हे मंडळाला विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर सासूबाईंचं ऐका आणि सगळे पैसे रुग्णांना द्यायला लावा.

मिस्टर जेवत नाहीत, याचं खापर मात्र नुसतं फ्लेक्सवर फोडू नका. गिळायला त्रास, नवी गाठ किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काही असेल तर तारखेची वाट न बघता सर्जनना दाखवा. तसं काही नसेल आणि फ्लेक्स रद्द होऊनही ते गप्पच राहिले, तर मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा.