कावळ्याचे घर, करवंटीतला पाऊस आणि 'कारण' हा शब्द

प्रश्न : मी गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. परीकथा आणि लोककथा घेऊन मुलांकडून लेखन करून घ्यावे आणि त्यातूनच अभियांत्रिकीची ओळखही करून द्यावी, असे आम्हांला प्रशिक्षणात सांगण्यात आले. त्याप्रमाणे मी चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतली. मुलांनी पुठ्ठ्याची सुरेख घरे केली, रंगवली; वहीत मात्र 'पाऊस आला. घर पडले. कावळा रडला.' यापलीकडे कोणी गेले नाही. बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत साहित्याचे संच नाहीत, आणि अशा वापराने गोष्टीची गोडी जाईल, ही भीती वेगळीच. काय करावे?

उत्तर : बाई, आपल्या पत्रातील 'सुरेख' हा शब्द मला थोडा खटकला. घरे सुरेख झाली, पण ती पावसात गेलीच नाहीत. म्हणजे झाली ती हस्तकला. घर कोणासाठी बांधायचे, कशापुढे ते टिकले पाहिजे, हाताशी काय आहे आणि टिकले की नाही हे कसे ठरवायचे, एवढे आधी नक्की झाले की अभियांत्रिकी सुरू होते. मुलांच्या वह्या रिकाम्या राहिल्या, त्याचेही मूळ येथेच आहे. घडलेच काही नाही, तर ती लिहिणार काय?

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात 'नॉव्हेल इंजिनिअरिंग' या नावाने विकसित झालेल्या पद्धतीत मुले गोष्टीतील पात्रालाच आपले गिऱ्हाईक मानतात, त्याची अडचण मजकुरातून शोधतात, तिच्यावरचा उपाय प्रत्यक्ष बांधतात आणि तपासतात. आपला कावळा हे गिऱ्हाईक म्हणून मुळीच वाईट नाही.

गोष्ट पहिल्या दिवशी अथपासून इतिपर्यंत सांगावी आणि मध्ये एकही प्रश्न विचारू नये. 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' येथे मुलांना मनसोक्त हसू द्यावे. गोडी जाते ती कावळा दाराशी भिजत उभा असताना 'येथे कोणती समस्या दिसते?' असे विचारल्याने; घर बांधल्याने ती जात नाही.

साहित्याच्या संचाची वाट पाहू नये. चुडताचे, म्हणजे नारळाच्या झावळीचे, हीर, सुंभ, करवंट्या आणि अंगणातली लाल माती पुरेशी आहे; शेणाऐवजी चिखल चालेल. प्रत्येक गटाने ताटात घर बांधावे आणि आत पिलाच्या जागी कापसाचा कोरडा बोळा ठेवावा. एका करवंटीला खिळ्याने दहा भोके पाडून ती घरापासून एक हात उंचीवर धरावी आणि तिच्यात एक तांब्या पाणी हळूहळू ओतावे. करवंटी, उंची आणि पाणी सर्व गटांना सारखेच असावे, नाहीतर भांडणे होतील, आणि ती रास्तही असतील. मग बोळा काढून पिळावा. पाणी गळले तर पिलू भिजले. यात बाईंचे मत विचारावेच लागत नाही. सपाट छपराच्या घरात पाणी वरून उतरते, उतरते छप्पर केलेल्या गटाचा बोळा बहुधा ताटात साचलेल्या पाण्याने खालून भिजतो, आणि मग एखाद्या मुलाला आपल्या घराचे जोते आठवते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात कौले उतरती का आणि जोती उंच का, हे ज्या मुलाने बोळा पिळून पाहिले त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

वही उघडायची ती याच क्षणी, हात ओले असतानाच. काय केले, काय झाले, का झाले असावे, एवढेच लिहायला सांगावे. 'घर पडले' असे लिहिणारे मूल आता 'बोळा भिजला कारण पाणी खालून आले' असे लिहील, आणि हा 'कारण' त्याला व्याकरणाच्या तासाला मिळालेला नसेल. घर पुन्हा बांधून झाले की 'म्हणून' आणि 'तरीसुद्धा' मागोमाग येतात. कावळ्याच्या तोंडून गोष्ट लिहून घ्यायची ती या दोन नोंदींनंतर. तोपर्यंत कावळ्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ जमलेले असते.

पहिल्या नोंदीत कोकणी शब्द आले तर त्यांवर लाल शाई चालवू नये. मराठी शब्द दुसऱ्या लेखनाच्या वेळी शेजारी द्यावा. 'चुडत' तर मी तसाच ठेवीन. त्याच्या जागी 'नारळाच्या झाडाची फांदी' असे लिहिणे हे चांगले मराठी आहे असे मला वाटत नाही.

चिमणीचे मेणाचे घर मे महिन्यात टिकेल का, असे कोणी विचारले तर विषय सोडू नये. मधमाश्यांचे मेण ६० अंश सेल्सिअसच्या वर वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ पडते. म्हणजे पावसात जिंकलेली चिमणी उन्हात अडचणीत येऊ शकते. माझ्या मते गोष्टीतली सर्वांत चांगली लेखनाची जागा हीच आहे.

सगळ्याच गोष्टी मात्र या कामाला जुंपू नयेत. जेथे जादूची कांडी सारे सोडवते आणि तेच त्या गोष्टीचे सुख असते, ती नुसती ऐकावी. चौथीसाठी पंचतंत्रातील टिटवी घेता येईल. समुद्र तिची अंडी नेतो आणि शेवटी गरुडामुळे ती परत मिळतात. आपण अट घालावी की गरुड येणार नाही. भरतीपासून अंडी वाचवा. मुले आधी बांध घालतील, मग बांधाच्या आत पावसाचे पाणी तुंबेल. तेव्हा त्यांना जवळच्या खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतजमिनीवर, नेऊन मानस, म्हणजे त्या बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी वाट, दाखवावी. भरतीचे पाणी तिची लाकडी दारे बाहेरून दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी तीच दारे ढकलून नदीत उतरते. उघडझाप करायला माणूस लागत नाही. परत आल्यावर मानशीचे काम टिटवीला समजेल अशा भाषेत लिहायला सांगावे.

एका तासिकेत यातले काहीही बसवू नये. गोष्ट, बांधणी, पाऊस व पहिली नोंद, आणि दुरुस्ती व गोष्टीचे लेखन असे चार दिवस धरावेत. तिसरीच्या मुलांनी नोंद तोंडी सांगितली आणि चौथीच्या जोडीदाराने ती लिहून घेतली, तर दोन वर्ग एकत्र असण्याचा त्रासही थोडा कमी होईल.