सोरायसिसचे पथ्य : काय सोडावे, काय सोडू नये

प्रश्न : माझे वय 41 असून मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. गेली 9 वर्षे मला सोरायसिस आहे. कोपरे, गुडघे आणि डोक्याची त्वचा यांवर लाल चट्टे उठतात व त्यांवरून चंदेरी खपल्या पडतात. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली होती. गोळीची भीती वाटल्याने 5 महिन्यांपूर्वी ती मी बंद केली आणि ओळखीतल्या एकांच्या सांगण्यावरून पुडीतली ‘जडीबुटीची’ पावडर सुरू केली. 10 दिवसांत त्वचा स्वच्छ झाली. मात्र पुडी चुकली की चट्टे पूर्वीपेक्षा जोराने उठतात. सोबत कडक पथ्य आहे : गहू, दूध, दही, मासे, वांगे, टोमॅटो आणि सर्व आंबट वर्ज्य. अशक्तपणा फार आला आहे, हिमोग्लोबिन 9.1 आहे. वजन 72 किलोंवरून उतरलेले नाही आणि चेहरा मात्र गोल, भरल्यासारखा दिसतो. सासूबाईंच्या मते माशांवर दूध प्यायल्यानेच हा रोग जडला. हल्ली सकाळी उठल्यावर टाचा दुखतात व बोटे आखडतात, तेही अशक्तपणामुळेच असावे. आहाराने आणि नैसर्गिक उपायांनी हा रोग मुळापासून जाईल का?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न आहाराविषयी आहे, तरी मला आधी त्या पुडीविषयी लिहिणे भाग आहे. नऊ वर्षांचा सोरायसिस 10 दिवसांत पुसून टाकील अशी कोणतीही वनस्पती माझ्या माहितीत नाही. इतक्या वेगाने आणि इतक्या तात्पुरत्या स्वरूपात तो दबतो तो स्टिरॉइडने. एक दिवस चुकताच रोग उसळणे, चेहरा गोल होणे आणि खाणे इतके कमी करूनही वजन न उतरणे, या तिन्ही खुणा एकत्र पाहिल्यावर त्या पावडरीत स्टिरॉइड मिसळलेले असावे अशी मला दाट शंका येते. असे असेल तर पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. पाच महिने बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी ते बनवण्याचे काम मंदावतात, आणि ते अचानक थांबले की रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. शिवाय सोरायसिस सर्वांगावर पसरण्याची किंवा पुवाच्या बारीक पुटकुळ्यांच्या गंभीर रूपात उलटण्याची भीती असते. म्हणून याच आठवड्यात पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्या आणि तिची मात्रा कशी उतरवायची हे त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्याकडे जाताना संकोच बाळगू नका. उपचार मध्येच सोडून परत येणारे रुग्ण आम्हाला रोज भेटतात. त्या पावडरीविषयी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते आणि ती करावी, कारण तुमच्यासारखे आणखी कितीजण ती घेत असतील.

आता मुळाशी येऊ. निरोगी त्वचेची पेशी तळाच्या थरातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या आदेशामुळे हे सारे 3 ते 5 दिवसांत उरकते, आणि अपक्व पेशींचा जो ढीग साचतो त्याच तुमच्या खपल्या होत. हा कल पुष्कळदा आनुवंशिक असतो. तो स्पर्शाने पसरत नाही, रक्त ‘अशुद्ध’ झाल्याने होत नाही आणि माशांवर दूध प्यायल्यानेही होत नाही. विरुद्धाहाराची कल्पना आयुर्वेदात आहे हे खरे. परंतु दूध-मासे एकत्र खाल्ल्याने सोरायसिस होतो असे तपासणीत आढळलेले नाही. सासूबाईंचा हेतू काळजीचाच आहे, म्हणून त्यांना हे शांतपणे वाचून दाखवा. रोग मुळापासून जाईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. तो वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो, आणि त्यात आहाराची मदत निश्चित होते; मात्र ती तुमच्या यादीतले पदार्थ सोडल्याने होत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा वजनाचा आहे. पोटाभोवती साठलेली चरबी शरीरात सूज वाढवणारी द्रव्ये सोडत राहते आणि तीच द्रव्ये सोरायसिसला खतपाणी घालतात. डेन्मार्कमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, 60 स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना 16 आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला गेला. इतरांच्या तुलनेत त्यांचे वजन सरासरी 15 किलोंनी जास्त उतरले. चट्ट्यांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात निसटला, पण रोगामुळे रोजच्या जगण्यात होणारा त्रास स्पष्टपणे कमी झाला. तितका कठोर आहार तुम्ही घरी मुळीच करू नये, विशेषतः हिमोग्लोबिन 9.1 असताना. पुडीचा प्रश्न सुटल्यावर महिन्याला दीड-दोन किलो या गतीने वजन उतरवले तरी पुरे.

गव्हाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गहू सोडण्याची सध्या लाटच आली आहे. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने 2018 साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले की, ज्यांच्या रक्तात ग्लुटेन या गव्हातील प्रथिनाविरोधी प्रतिपिंडे सापडतात त्यांनीच गहू वर्ज्य करावा. इतरांना त्याचा लाभ नाही. ही रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरी ठरते. पाच महिने चपातीला हात न लावता ती केली तर दोष असूनही दिसणार नाही. म्हणून काही आठवडे गहू पूर्ववत खा आणि मग तपासणी करा. ती निर्दोष आली तर चपातीची धास्ती कायमची सोडा. भाकरी आवडत असेल तर ती आवडीने खा, पथ्य म्हणून नव्हे.

मासे बंद केल्याचे मला सर्वांत वाईट वाटले. बांगडा आणि तारली यांतील ओमेगा-3 स्निग्धाम्ले तुमच्या दारात स्वस्तात मिळतात. माशांच्या तेलाच्या कॅप्सूल सोरायसिसमध्ये किती उपयोगी पडतात याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, पण आठवड्यातून दोनदा कालवणात पडलेला बांगडा तुम्हाला प्रथिने देईल आणि हृदयाचीही काळजी घेईल. सोरायसिसच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो, हे इथे ध्यानात घ्यावे. दूध, दही, डाळी, अंडी, पालेभाज्या परत सुरू करा. जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह नीट शोषले जाते. आंबट वर्ज्य करून तुम्ही तीही वाट बंद केली होती. वांगे किंवा टोमॅटो खाल्ल्यावर खाज वाढते असे खरोखर वाटत असेल तर एका वेळी एकच पदार्थ चार आठवडे सोडा, मग पुन्हा खा, आणि दोन्ही वेळचे चट्टे वहीत नोंदवा. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या रक्तात कमतरता आढळली तरच घ्याव्यात.

नैसर्गिक उपायांना माझा सरसकट विरोध नाही, आणि त्यांचा इतिहास तर आपल्या शेजारूनच जातो. 19व्या शतकात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाची भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात येई आणि ‘गोवा पावडर’ या नावाने नायट्यासाठी विकली जाई. पुढे लंडनच्या बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरली, आणि 1916 साली जर्मनीत तिच्यातील द्रव्याला पर्याय म्हणून डिथ्रॅनॉल तयार झाले, जे सोरायसिसवर दीर्घकाळ वापरले गेले. बावची या वनस्पतीतील सोरालेन या द्रव्यावर आधारलेली प्रकाशचिकित्सा 1970च्या दशकात जगभर पोहोचली. पण बावचीचा लेप घरी लावून उन्हात बसल्यास कातडी भाजून फोड येतात, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. त्यात मोजून दिलेली मात्रा आणि मोजून दिलेला प्रकाश हाच खरा उपचार आहे.

आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन लावा. तिने खपल्या मऊ पडतात आणि खाज कमी होते. कोरफडीचा गर सोसत असेल तर तोही चालेल. घासणी, लसणाची किंवा लिंबाची चोळणी मात्र पूर्ण टाळा, कारण सोरायसिसमध्ये जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा चट्टा उठतो. स्वयंपाकातली हळद उत्तम, तिच्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल नकोत. गुळवेलही आपल्या मनाने घेऊ नका : ती प्रतिकारशक्तीला चेतवते असे मानले जाते आणि तुमच्या रोगात नेमकी तीच आधीपासून चेतलेली आहे. ती घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दर्शवली असली, तरी यकृतावर भार टाकणारे मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू होण्याची शक्यता असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

पत्रात शेवटी, जणू सहज, लिहिलेले टाचांचे वाक्य मी तीनदा वाचले. सोरायसिसच्या दहापैकी दोन-तीन रुग्णांना त्याच रोगाचा संधिवात होतो, आणि सकाळी टाच दुखणे व बोटे अर्धा-एक तास आखडलेली राहणे ही त्याची नेहमीची सुरुवात आहे. स्टिरॉइड त्याला काही काळ झाकूनही ठेवते, त्यामुळे तुमचा त्रास आज दिसतो त्याहून अधिक असू शकतो. सांध्यांची झीज एकदा झाली की भरून येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगा, संधिवाततज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्या, आणि मेथोट्रेक्सेट सांध्यांवरही काम करते हे लक्षात ठेवून, यकृत व रक्ताच्या तपासण्या झाल्यावर, ती गोळी पुन्हा घ्यायची की नाही याचा निर्णय त्या दोघांशी बोलून घ्या.