‘सख्ख्या नव्हत्या, मग इतकं जिवाला का लागलं?’

शेजारच्या आजींना जाऊन दोन महिने झाले होते. वय पंचाऐंशी, पण रोज पहाटे फिरायला जायच्या, जिन्यातल्या कुंड्या सांभाळायच्या, संध्याकाळी मजल्यावरच्या मुलांना गणित शिकवायच्या. समुपदेशनाला आलेल्या ताई म्हणाल्या, “घरचे म्हणतात, हिंडत्याफिरत्या गेल्या, सोनं झालं. मग मीच का रडते अजून?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ताईंचं काहीही चुकत नव्हतं. शेजारी गेला तर रजा मिळत नाही, सांत्वनाला कोणी येत नाही. अशा मान्यता न मिळालेल्या दुःखाची मांडणी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. त्यातून शेजारी रोजच्या दिनक्रमात मुरलेला असतो. दूरच्या नातेवाइकाची आठवण अधूनमधून येते, शेजाऱ्याची मात्र ठरलेल्या वेळी कडी वाजली नाही की लगेच येते.

म्हणून ताईंना आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली: रडू कधी आलं, कुठे, तेव्हा काय चाललं होतं. बहुतेक नोंदी पहाटेच्या आणि जिन्यातल्या निघाल्या. कुंड्या दिसू नयेत म्हणून ताई लिफ्टने जाऊ लागल्या होत्या. असं टाळत राहिलं की ती जागा आणखी जड होत जाते. दिवसातून एकदा जिन्याने जायचं आणि कुंड्यांपाशी दोन मिनिटं थांबायचं, असं ठरलं.

पुढे वेगळीच अडचण आली. ताईंनी कुंड्या आणि मुलांची शिकवणी, दोन्ही अंगावर घेतलं. महिन्याभरात थकल्या, एक दिवस चुकला की अपराधी वाटू लागलं. श्रद्धांजली म्हणून माणसं हे हमखास करतात. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांच्या १९९९ च्या मांडणीनुसार शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत येजा करत असतो. सतत कामाला जुंपून घेतलं की दुःखाला वेळच उरत नाही. एकच काम ठेवायचं, तेही सर्वांत लहान. ताईंनी कुंड्या ठेवल्या.

लिहिण्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. “आजी फार प्रेमळ होत्या” अशा वाक्यावर लेखणी अडते. म्हणून फक्त एक प्रसंग घ्यायचा, दहा मिनिटं लिहायचं. ताईंनी लिहिलं: उत्तर चुकलं तरी आजी खोडू देत नसत, बाजूलाच पुन्हा सोडवायला लावत. जिन्यात सायकल ठेवली म्हणून आजी किती बोलल्या होत्या, तेही लिहायला लावलं. नुसत्या गुणांची यादी केली तर माणूस हातातून निसटतो. तो कागद ताईंनी आजींच्या मुलीला दिला. घरच्यांनाही ठाऊक नसलेलं असं काही शेजाऱ्याकडेच असतं, ते त्यांना जरूर द्यावं.

डीएसएम-५-टीआर (२०२२) या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेप्रमाणे प्रौढांमध्ये मृत्यूला किमान १२ महिने होऊनही गेलेल्या माणसाची ओढ किंवा आठवणींचा विळखा जवळजवळ रोजचा असेल आणि कामधंदा, झोप, नाती यांवर परिणाम होत असेल, तर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र महिने मोजत बसू नये. त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे जावं.